जिप्सीचे ब्रेक आणि अक्कलकोट रोडची भट्टी

सोलापुरात ब्रेकचे भाग रंगवून देणारे ढिगानं सापडतात. ब्रेकमधलं काय रंगवायचं नाही, हे आधी सांगणारा मला एकच भेटला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहान पावडर कोटिंगवाल्याकडून, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत शिजवणाऱ्याकडून, मी माझ्या जिप्सीचे पुढचे कॅलिपर (फिरत्या डिस्कवर पॅड दाबून चाक थांबवणारे), त्यांचे ब्रॅकेट, मागचे ड्रम आणि बॅकप्लेट (ड्रममागचे पत्रे) करून घेतले. त्या कामावरून एक पावसाळा गेला, कोकणची एक फेरी झाली, म्हणून आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही. भट्टीतून निघालेल्या मालाचा त्याच दिवशी फोटो टाकून पाच तारे देण्यात काही अर्थ नसतो. पहिल्या दिवशी सगळंच चकाकतं.

गाडी जिप्सी किंग, पुढं डिस्क, मागं ड्रम. आधीच्या मालकानं हौसेनं मोकळ्या स्पोकचे अलॉय बसवलेले. दिसायला झकास, पण मोकळे अलॉय म्हणजे आतलं सगळं चव्हाट्यावर. कंपनीच्या लोखंडी चाकाआड ब्रेक कितीही गंजला तरी तो मेकॅनिकलाच दिसतो. इथं सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यालाही दिसतो. त्यावर तोडगा म्हणून त्या गृहस्थानं कॅलिपरवर लाल स्प्रे मारून घेतलेला, तोही गंजावरूनच, आणि ब्रॅकेट कुठून तरी क्रोम करून आणलेले. क्रोमचा थर फार पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्याच्याखाली निकेलचा भरीव थर नसेल, तर पाणी त्या भेगांतून लोखंडापर्यंत पोचतं आणि खालून फुगलेला गंज क्रोम उचलून टाकतो. माझ्या ब्रॅकेटवर नखानं पापुद्रे निघत होते. लाल रंगही उष्णतेनं विटून विटकरी झालेला.

माझा धंदा सुताच्या डाईंगचा. टॉवेलला लागणारं सूत आम्ही रंगवतो. सूत आधी कॉस्टिकमध्ये उकळून त्यातलं मेण काढलं नाही, तर वर कितीही महागडा रंग द्या, डाग पडणारच. लोखंडाचं तसंच. त्यामुळं कुठल्याही रंगवाल्याकडं गेलो की मी शेड कार्ड मागत नाही, धुण्याची जागा कुठं आहे ते विचारतो. निम्म्या लोकांकडं त्याचं उत्तर नसतं. एकानं तर पेट्रोलचा बोळा दाखवला.

अक्कलकोट रोडच्या ह्या पावडर कोटिंगवाल्या अण्णांकडं ते होतं. शेडच्या एका कोपऱ्यात तेल-चिकट धुवायची डिग्रीझिंगची टाकी, पलीकडं बारीक खड्याच्या माऱ्यानं गंज उडवायची ब्लास्टिंगची पेटी, मधे स्प्रेचं बूथ आणि टोकाला भट्टी. त्यांची खरी रोजीरोटी खिडक्यांच्या ग्रिल, लोखंडी कॉट आणि यंत्रमागाचे सुटे भाग. ब्रेकचं काम हौशी लोकांसाठी, मधल्या वेळात.

मी जोडलेले कॅलिपर पिशवीत घालून नेले होते. अण्णांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, हे असंच परत घेऊन जावा. पिस्टन काढा, रबर काढा, निप्पल काढा, पिना काढा. नुसतं ओतीव धूड माझ्याकडं आणा. आणि हो, नवीन सील किट हातात आल्यावरच आणा."

ह्या एका वाक्यावर मी काम त्यांनाच द्यायचं ठरवलं. पावडर शिजते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला. त्या भट्टीत रबरी सील गेलं की संपलं. आणि सील आत ठेवून ब्लास्टिंग केलं, तर बारीक खडा पिस्टनच्या भोकात शिरतो, पिस्टनला ओरखडे पाडतो, मग ऑइल झिरपायला लागतं. जुनं किट पुन्हा घालायचा मोह अनेकांना होतो, म्हणून अण्णा आधी नवीन किट बघतात. मेकॅनिकच्या सोयीपेक्षा ब्रेकची काळजी करणारा रंगवाला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता कामाचं. माझ्या कॅलिपरचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. चिंचोळी एमआयडीसीत कॅमशाफ्ट ओतले जातात, तेव्हा बीड म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको. पण बिडाची एक खोड असते. त्याच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल आणि हवा मुरलेली असते. पावडर मारून थेट भट्टीत घातलं, की ते तेल तापून वायू होऊन बाहेर येतं आणि नुकत्याच वितळलेल्या थराला टाचणीएवढी भोकं पाडतं. वरून दिसत नाहीत, पण पहिल्या पावसात तिथूनच गंजाचे ठिपके उमटतात. ह्यावर उपाय म्हणजे ब्लास्टिंगनंतर तो भाग कोराच भट्टीत टाकायचा, पावडर शिजते त्याहून जरा जास्त तापवायचा, आतलं सगळं बाहेर येऊ द्यायचं आणि मग पावडर मारायची. अण्णा हे न सांगता करतात. मी उभा होतो म्हणून दिसलं. कोरं तापवताना एका कॅलिपरमधून धूरही निघाला. तो धूर बघून त्यांनी मान डोलावली, जणू काय पेशंटचा ताप उतरला.

खालचा थर झिंकयुक्त प्रायमर पावडरचा, वरचा काळपट राखाडी, अर्धवट चमकीचा. मला लाल नको होता. रंगाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, लाल हा रंग पहिले दोन महिने तुमचा असतो, नंतर ब्रेकच्या धुरळ्याचा. पॅड आणि डिस्क झिजून जी भुकटी उडते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते थरावर बसतात, ओल लागली की तिथंच गंजतात आणि तांबूस डाग सोडतात. राखाडीवर ते झाकले जातात. पिवळ्यावर तर बघवत नाही. विजापूर रोडच्या एका मित्रानं पिवळाच करून घेतलाय, तो दर रविवारी दात घासायचा ब्रश घेऊन चाकापाशी बसतो. असो, त्याची हौस.

झाकपट्टी, म्हणजे जिथं रंग नको तो भाग झाकणं, हा ह्या कामाचा खरा जीव, आणि इथं अण्णांना पैकीच्या पैकी. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड बसतो. ग्रिलला ह्यानं काही फरक पडत नाही. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात, तिथं एवढा थर चढला तर पॅड अडकतो, ब्रेक सोडला तरी पूर्ण सुटत नाही, डिस्क तापत राहते आणि पॅड एकाच बाजूनं झिजतो. गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणून लोक कार्ब्युरेटर उघडतात आणि दोष ह्या खाचेत असतो. अण्णांनी त्या खाचा, पिनांची भोकं, पिस्टनचं भोक, सगळं उष्णता सोसणाऱ्या हिरव्या टेपनं आणि रबरी बुचांनी बंद केलं. ड्रमचा जो चेहरा हबला आणि चाकाला टेकतो, तोही कोराच ठेवला. तिथं रंग असेल तर चाकाचे नट आवळल्यावर थर दबतो आणि काही किलोमीटरनंतर नट सैल पडतात. बॅकप्लेटवर ब्रेकशू ज्या उंचवट्यांवर घासतात, ते उंचवटेही त्यांनी झाकले. हे मला माहीत नव्हतं. आता तिथं मी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं अगदी पुसट बोट लावतो.

बोल्टच्या बाबतीत मात्र आमची चांगलीच जुंपली. अण्णांच्या ओळखीचा प्लेटिंगवाला शेजारीच आहे, झिंक प्लेटिंग किलोवर करून देतो, वर झिंक लवकर गंजू नये म्हणून पॅसिव्हेशनचा सोनेरी-पिवळा थर. क्लिप, पत्रे, स्प्रिंगचे टोपण, बॅकप्लेटचे लहान बोल्ट असं सगळं डबाभर दिलं, फार सुंदर होऊन आलं. झिंक दिसायला चांगलं म्हणून नाही, ते लोखंडाच्या आधी स्वतः गंजतं, म्हणून कामाचं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं झिंक लोखंडाला सांभाळतं. क्रोमला हे जमत नाही. पण कॅलिपर ब्रॅकेटचे मोठे बोल्ट त्या डब्यात टाकले, तसे अण्णांनी ते उचलून बाजूला ठेवले. डोक्यावर १०.९ असं कोरलेलं, म्हणजे कडक केलेल्या पोलादाचे. म्हणाले, "हे प्लेटिंगला देणार नाही."

मी म्हटलं, चार बोल्टांनी काय होतंय? तर त्यांनी मला अर्धा तास उभं केलं. ॲसिडच्या आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन निघतो आणि पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला तो फारसा त्रास देत नाही, पण कडक केलेल्या बोल्टला ठिसूळ करतो. बोल्ट लावताना तुटत नाही. आवळून ताणाखाली ठेवला की काही तासांनी, नाही तर काही दिवसांनी, काहीही कारण न घडता मान टाकतो. हे टाळायचं तर प्लेटिंगनंतर साधारण चार तासांच्या आत तो बोल्ट १९० ते २२० अंशांवर कित्येक तास तापवत ठेवावा लागतो. अण्णांकडं भट्टी आहे, पण चार बोल्टांसाठी ती दिवसभर अडवणं त्यांना परवडत नाही, आणि अर्धवट करायला ते तयार नाहीत. "शोरूमातनं नवीन घ्या. कंपनीचं कोटिंग असतंय त्याच्यावर." मी नवीन घेतले. दिसायला जरा काळे आहेत, पिवळ्या क्लिपांशेजारी शोभत नाहीत. असू देत. कॅलिपर ज्यावर लटकतो तो बोल्ट शोभेचा नसतो.

डिस्कला ते हात लावत नाहीत, हेही सरळ सांगतात. पॅड जिथं घासतो त्या पट्ट्यावर कुठलाच रंग, पावडर, प्लेटिंग टिकत नाही आणि टिकूही नये. गाडी धुतल्यावर सकाळी डिस्क तांबूस दिसते, त्यानं घाबरायचं कारण नाही. उघड्या बिडाचा तो धर्म आहे. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोन-चारदा ब्रेक दाबला की पॅड ती पुसून टाकतो. डोळ्यांना खुपते ती डिस्कची मधली टोपी आणि बाहेरची कड. ती मी घरीच केली. वायर ब्रश, मग ब्रेक क्लीनर, घासणाऱ्या पट्ट्यावर कागद आणि टेप, आणि उष्णता सोसणारा चंदेरी स्प्रे पातळ-पातळ थरांत. हा सिलिकॉनचा रंग हवेत नुसता वाळतो, पक्का होतो तो तापल्यावरच. त्यामुळं पहिल्या आठवड्यात त्यावर प्रेशरचं पाणी मारू नका.

आता जरा नावडलेलंही सांगतो. शनिवारी देतो म्हणाले, दिलं पुढच्या आठवड्यात. कारण विचारलं तर "हवा दमट होती." तेव्हा मी चिडलो होतो, पण ब्लास्टिंग झालेलं कोरं बीड दमट हवेत काही तासांतच तांबूस पडतं, तेव्हा सप्टेंबरच्या पावसात त्यांनी ते काढलं नाही हे बरोबरच. फक्त एक फोन करायला हवा होता. दुसरं, ब्लीडर निप्पलच्या, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीच्या, आट्यांत थोडी पावडर उतरली होती, मेकॅनिकला आटे साफ करायचा टॅप फिरवावा लागला. तिसरं, माल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला, एका ड्रमच्या कडेला टवका उडाला. त्यांनी तिथल्या तिथं टचअप करून दिलं, तरी निरखून पाहिलं तर कळतं. शेड कार्डावर निवडीला फार वाव नाही. ज्यांना मोत्यासारखी झाक किंवा दोन रंगांची नक्षी हवी, त्यांनी पुणं गाठावं.

दर मला रास्त वाटले. कॅलिपर आणि ब्रॅकेटची जोडी २,६०० रुपये, दोन ड्रम १,४००, बॅकप्लेटची जोडी ९००, आणि प्लेटिंगचा डबा किलोवर न बसल्यानं किमान आकार ५००. सील किट, बोल्ट, ब्रेक ऑइल आणि मेकॅनिकची मजुरी वेगळी. मोठा परदेशी ब्रेक किट लावायचा सल्लाही मला मिळाला होता. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि गाडीची पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पासिंगला उभं राहायचं असतं. आहे तोच ब्रेक नीट करणं मला बरं वाटलं.

जोडणीच्या वेळची एक गोष्ट. नवीन रंगाला सगळ्यात मोठा धोका ब्रेक ऑइलचाच. डॉट ३ काय नि डॉट ४ काय, ऑइलचे हे दोन्ही प्रकार रंग मऊ करतात. पावडर साध्या स्प्रेपेक्षा तग धरते, पण तिची परीक्षा कशाला घ्या. मेकॅनिक ब्लीडिंग करत होता, म्हणजे ऑइलमधली हवा काढत होता, तेव्हा मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसलो होतो, थेंब पडला की लगेच पाणी. हे ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळं निघून जातं. नुसतं फडक्यानं पुसू नका, ते पसरतं. हवेतली ओल ओढून घ्यायची खोडही त्याला आहेच. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत चालतो. शिवाय तीच ओल पिस्टनला आतून गंजवते. बाहेरून कॅलिपर नवरीसारखा सजवला आणि आत चार वर्षांचं काळं ऑइल, अशी गाडी मी जुळे सोलापुरात पाहिलीय. दर दोन वर्षांनी बदला. कॅलिपर सरकतो त्या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर आतलं रबर फुगतं.

आणि टिकलं का? कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो, दोन मुक्काम समुद्राकाठी. घाटात ब्रेक सपाटून तापले, खाली चिपळूणला थांबलो तेव्हा चाकाशेजारी हात धरवत नव्हता. थराला फोड नाही, रंग उतरला नाही. परतल्यावर खालून भरपूर गोड्या पाण्यानं धुऊन घेतली. ब्रॅकेटच्या कोऱ्या खाचांत थोडा तांबूसपणा आला होता, तो पितळी ब्रशनं गेला. पिवळ्या क्लिपांपैकी दोन मात्र पांढुरक्या पडल्या. त्यात कोकणचा दोष कमी आणि माझ्या नेहमीच्या वॉशिंग सेंटरचा जास्त असावा. तिथली पोरं अलॉयवर ॲसिडचं पाणी मारतात, चाक लखलखतं, पण झिंक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाल्लं जातं. आता मी आधीच सांगतो, शांपूचंच पाणी, ॲसिड नाही.

घरी धुताना आपल्याकडं वेगळीच पंचाईत. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून गाडीला बोअरचंच. ते इतकं क्षाराचं की उन्हात वाळलं तर राखाडी थरावर पांढऱ्या कडा उमटतात. सावलीत धुवायची, लगेच पुसायची. टॉवेलच्या गावात पुसायला काय तोटा, सेकंडचा माल किलोनं मिळतो. मग गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक कोरडे करायचे आणि त्या रात्री हँडब्रेक ओढायचा नाही. ओला शू ड्रमला टेकून राहिला की सकाळी गंजानं चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

दुकानाचं नाव देत नाही. अण्णांनीच नको म्हटलंय, त्यांना सायलेन्सर क्रोम करायला येणाऱ्या पोरांचा कंटाळा आलाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरून ग्रिलचं पावडर कोटिंग कोण करतं असं विचारलं तरी दोन-तीन पत्ते मिळतील. जिथं तुमचा जोडलेला कॅलिपर हातात घेऊन परत दिला जाईल, ते त्यांचं. पितृपक्षात गेलात तर लवकर नंबर लागेल, दसरा-दिवाळीच्या तोंडावर भट्टी ग्रिलनं भरलेली असते. सोबत सील किटची पावती आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी लिहून न्या, पहिला प्रश्न तोच येतो.